घाटावरची जकात

संस्कृतात एक न्याय आहे, घट्टकुटीप्रभातन्याय. एका गाडीवानाला जकात चुकवायची होती. नाक्याचा रस्ता टाळून तो रात्रभर आडवाटांनी गाडी हाकत राहिला आणि उजाडलं तेव्हा नेमका जकातवाल्याच्या झोपडीसमोर उभा होता. शास्त्रार्थात प्रतिपक्ष गोल फिरून शेवटी तुमच्याच मुद्द्यावर आला की पंडित हा न्याय त्याच्या तोंडावर मारत. कुटी म्हणजे झोपडी आणि घट्ट म्हणजे आपला घाट. नदीच्या उताराशी किंवा अवघड वाटेच्या तोंडाशी, जिथून गेल्यावाचून गत्यंतर नाही अशा जागी, कर घेणारा बसलेला असे. घाट या शब्दाचे आजचे सगळे अर्थ चाळले तर हा झोपडीतला माणूस त्यांतल्या बऱ्याच अर्थांच्या मागे बसलेला सापडतो. निदान माझं तसं मत झालं आहे.

अर्थ तरी किती! मराठीत घाट म्हणजे आधी डोंगरातली चढ-उताराची वाट. हिंदीत, आणि विशेषतः बनारसमध्ये, घाट म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. बनारसच्या माणसाला ‘आमची एसटी घाटात बंद पडली’ असं सांगितलं तर ती गंगेत गेलीच कशी, असं तो विचारील. उलट पावसाळ्यात तिकडच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी ठरलेला मथळा असतो, ‘घाटों का आपसी संपर्क टूटा’. तो मराठी माणसाने वाचला तर त्याला दरड कोसळली असं वाटेल. प्रत्यक्षात तिथे गंगा इतकी चढलेली असते की एका घाटावरून दुसऱ्यावर पायऱ्या-पायऱ्यांनी चालत जाता येत नाही, गल्लीतून वळसा घालावा लागतो. इंग्रजी कोशांनी तर हे दोन्ही अर्थ घेतले आणि वर तिसरा स्वतःच तयार केला. त्याकडे पुढे येतो.

मराठीलाही नदीचा घाट परका नाही. नाशिकला, पंढरपूरला, वाईला तो आहेच. मग गोंधळ का होत नाही? कारण मराठी माणूस हा प्रश्न प्रत्ययावर सोडवतो. ‘घाटात’ म्हटलं की डोंगर: घाटात धुकं होतं, घाटात ट्रक उलटला. ‘घाटावर’ म्हटलं की नदी: आजी घाटावर गेलीय, घाटावर कपडे वाळत घातलेत. त्यातही कोकणातला माणूस ‘घाटावर’ म्हणाला तर नदीचा संबंध नाही, तो सह्याद्रीपलीकडच्या देशाबद्दल बोलतोय. त्याची मुलगी घाटावर दिली म्हणजे सातारा-सांगलीकडे दिली. एक ‘वर’ दोन ठिकाणी नेतो आणि कुठल्या ठिकाणी, हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. कानडीतही हीच वाटणी आहे. तिथे ‘घट्टद मेले’ आणि ‘घट्टद केळगे’, म्हणजे घाटावरचा आणि घाटाखालचा मुलूख. काशीत ‘घाट पर’ म्हटलं की विषय संपला. तिथे आसपास डोंगरच नाही.

वाईजवळ मेणवलीला हे दोन्ही अर्थ एका नजरेत मावतात. नाना फडणवीसांचा वाडा, वाड्यामागे कृष्णेवर उतरणारा दगडी घाट, आणि नदीपलीकडे नजर टाकली तर पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटाचा डोंगर. याच नानांचा एक वाडा काशीत दुर्गाघाटावर आहे. ज्याच्या मालकीची वास्तू कृष्णेच्या घाटावर आणि गंगेच्या घाटावरही, तो माणूस पुण्याहून कोकणात उतरताना तिसरा घाट उतरत होता. त्याला शब्दाचा अर्थ विचारायची गरज पडली नसणार.

व्युत्पत्तीचा वाद मी लवकर आवरतो. घट्ट हा शब्द संस्कृत कोशांत पाण्यात उतरण्याची जागा या अर्थाने आहे. घट्टजीवी म्हणजे घाटावर जगणारा, नावाडी. काही अभ्यासक घट्ट हा शब्द मुळात द्रविड भाषांतून आला असं मानतात. निकाल काहीही लागो, पायऱ्या आणि खिंड या दोन जागा एकमेकींपासून वाटतात तेवढ्या लांब नाहीत. दोन्हीकडे उतार आहे. दोन्हीकडे आसपासची मैलोगणती जमीन चालून जाण्यासारखी नसते, म्हणून सगळी रहदारी एका चिंचोळ्या जागी गोळा होते. आणि रहदारी जिथे गोळा होते, तिथे कुणीतरी हात पुढे करतो.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात जाऊन पाहावं. कोकणातून देशावर येणारा हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग. लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला प्रचंड रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. या सांगण्यात इतिहास किती आणि कल्पना किती हे बाजूला ठेवलं तरी, घाटाच्या तोंडाशी पैसे टाकायचं भांडं ठेवलेलं असावं, हे लोकांना इतकी शतकं स्वाभाविक वाटलं हेच मला महत्त्वाचं वाटतं. आजही मुंबईहून पुण्याला द्रुतगती मार्गाने निघालात तर बोरघाट चढण्याआधी खालापूरचा टोलनाका लागतो. रांजणाच्या जागी फास्टॅग आला, एवढाच फरक.

आता काशी. गंगा इथे उत्तरेकडे वळते आणि शहर तिच्या उंच पश्चिम काठावर चंद्रकोरीसारखं पसरलेलं आहे. अस्सीपासून आदिकेशवापर्यंत साडेसहा किलोमीटरच्या आसपास सलग घाट. संख्या चौऱ्याऐंशी सांगतात, पण याद्या जुळत नाहीत. चौऱ्याऐंशी हा आकडा मोजणीतून कमी आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या हिशेबातून जास्त आलेला असावा. शिवाय घाटांची नावं बदलतात. आदिकेशवाच्या अलीकडचा जुना खिडकिया घाट आता नमो घाट झाला आहे.

या पायऱ्या उन्हाळ्यात पाहिल्या आणि श्रावणात पाहिल्या तर दोन वेगळी शहरं वाटतात. वाराणसीची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर. १९७८ च्या पुरात गंगा ७३.९० मीटरपर्यंत गेली होती. उन्हाळ्यातलं पाणी याच्या कित्येक मीटर खाली असतं. म्हणून पायऱ्या इतक्या लांब आणि उंच, म्हणून अधूनमधून नदीत घुसलेल्या अष्टकोनी दगडी मढ्या, ज्या पायऱ्यांना आधार देतात आणि प्रवाहाचा जोर झेलतात. दगड बहुतेक चुनारचा. पूर ओसरला की महिनाभर फक्त गाळ काढणं चालतं. मोठ्या पंपांच्या पाण्याचा झोत मारून चिखल पुन्हा नदीत लोटतात आणि एकेक पायरी वर येते. पाया खाल्ला गेला तर नदी दाता बघत नाही. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास उभारायला घेतलेला घाट स्वतःच्याच वजनाने खचला. त्याच्या शेजारचं रत्नेश्वर महादेवाचं कललेलं देऊळ आज पर्यटक मोबाइलवर टिपत असतात.

इथला झोपडीतला माणूस म्हणजे बांबूच्या मोठ्या छत्रीखाली चौकी टाकून बसलेला घाटिया. तुमचे कपडे सांभाळणं, आरसा-कंगवा-चंदन पुढे करणं, संकल्प सांगणं आणि दक्षिणा घेणं ही त्याची कामं. त्याची चौकीची जागा वंशपरंपरेची असते. नावाड्यांमध्येही तेच. मल्लाह समाजात घाटवार म्हणजे ज्याच्या कुटुंबाकडे त्या घाटावरून नाव सोडण्याचा हक्क आहे तो. बाकीचे त्याच्या परवानगीने वल्हवणार. परक्या घाटाची सवारी उचलली की भांडण ठरलेलं. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन स्मशानघाटांवर चितेचा अग्नी डोम देतात. त्यांच्या कुटुंबांच्या पाळ्या लागलेल्या असतात आणि अग्नी फुकट मिळत नाही. हरिश्चंद्राची गोष्ट आपण सत्याची म्हणून सांगतो. ती घाटाची गोष्ट म्हणून पुन्हा ऐकावी. डोमाकडे विकला गेलेला राजा स्मशानात कर वसूल करायला उभा आहे, समोर स्वतःची बायको स्वतःच्या मुलाचं प्रेत घेऊन आली आहे, आणि तिलाही तो कर मागतो. त्या घाटावर सूट कुणालाच नव्हती, राजपुत्रालाही नाही.

सूट मिळवून देणारा एक माणूस मात्र झाला, आणि तो आपल्याकडचा होता. मोगलांच्या राज्यात तीर्थयात्रेवर कर होता. अकबराने तो १५६३ मध्ये काढला, पण शाहजहानच्या काळी काशी-प्रयागच्या यात्रेकरूंना पुन्हा द्यावा लागत होता. गोदातीरी जन्मलेला आणि काशीत संन्यासी म्हणून राहिलेला कवींद्राचार्य सरस्वती हा पंडित शिष्टाई करायला दरबारात गेला आणि त्याने कर माफ करवून आणला. काशीतल्या पंडितांनी आनंदाने त्याच्यावर स्तुतिपर श्लोक रचले. तो संग्रह ‘कवीन्द्रचन्द्रोदय’ या नावाने उरला आहे. मराठी शालेय पुस्तकांत या माणसाला ओळही मिळू नये याचं मला नवल वाटतं. काशीच्या संदर्भात आपल्याला गागाभट्ट तेवढे आठवतात, १६७४ च्या राज्याभिषेकामुळे. त्यांचं घराणं मूळ पैठणचं. त्याच घराण्यातल्या नारायण भट्टांनी काशी, प्रयाग आणि गया या तीन स्थळांच्या यात्राविधीवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. नावातला सेतू सहज आलेला नाही. तीर्थ या शब्दाचाही जुना अर्थ नदी ओलांडायची जागा असाच आहे. घाट, तीर्थ, सेतू, सगळी पाण्याच्या काठची आणि पलीकडे जाण्याची भाषा. मोक्षाची कल्पनाही याच नावाड्यांकडून उसनी घेतली असावी.

अठराव्या शतकात पेशव्यांना काशी हवी होती. ती अयोध्येच्या नवाबाकडे राहिली आणि १७७५ मध्ये कंपनीकडे गेली. तलवारीने जे जमलं नाही ते गवंड्यांनी केलं. दशाश्वमेध घाट बाळाजी बाजीरावांनी बांधून घेतला. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये विश्वनाथाचं देऊळ पूर्ण केलं, मणिकर्णिकेचं काम केलं, आणि त्यांच्या नावाचा घाट आजही आहे. नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. त्यांचे मुनशी श्रीधर नारायण यांनी १८१२ मध्ये बांधलेला घाट आजही मुनशी घाट म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे दात्याचं नाव विसरलं गेलं आणि हुद्दा राहिला. बनारस हिंदू विद्यापीठात शिकवणाऱ्या अ. स. आळतेकरांनी १९३७ मध्ये बनारसचा इतिहास लिहिला. आजचं बनारस बऱ्याच अंशी मराठ्यांनी घडवलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यात अभिमानाचा अंश असेल, पण नावेतून वर बघत गेलं तर खोडून काढणं अवघड जातं. मात्र एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. घाट बांधणाऱ्याला नाव मिळालं, उत्पन्न मिळालं नाही. त्या पायऱ्यांवर चौकी टाकून बसला तो घाटिया, नाव लावली ती मल्लाहाने. महाराष्ट्रात ज्याचा घाट त्याची जकात. काशीत ज्याचा घाट त्याचं पुण्य आणि जकात भलत्याचीच.

दोन्ही घाट एकाच प्रवासात अंगावर घेणाऱ्यांमध्ये विष्णुभट गोडसे आहेत. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ मध्ये झाशीचा वेढा सगळ्यांना आठवतो. पण गृहस्थ कर्ज फेडायला गेला होता, आणि परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन निघाला. म्हणजे नदीच्या घाटावर भरलेलं पाणी सह्याद्रीचा घाट उतरून कोकणात आलं.

आता इंग्रजीचा तिसरा अर्थ. पोर्तुगीज किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांच्यासमोर भिंतीसारखा डोंगर उभा होता आणि लोक ‘घाट चढून वर जावं लागतं’ असं सांगत होते. त्यांनी वाटेचं नाव डोंगराला दिलं. इंग्रजांनी तेच उचललं. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तिन्ही अर्थ ओळीने आहेत: नदीत उतरायची जागा, डोंगर उतरायची वाट, आणि त्यावरून पूर्व-पश्चिम किनाऱ्यांच्या डोंगररांगा. सह्याद्री असा ‘वेस्टर्न घाट’ झाला. गंमत अशी की हे चुकीचं नाव भाषांतर होऊन आपल्याकडे परत आलं आणि आता सरकारी मराठीत ‘पश्चिम घाट’ पक्कं बसलं आहे. २०११ चा गाडगीळ समितीचा अहवाल पश्चिम घाटाचा, युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशात घेतलेली ३९ ठिकाणं पश्चिम घाटातली. त्यात आपली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. साताऱ्याच्या शेतकऱ्याला विचारा, तो सह्याद्री म्हणेल किंवा नुसतं ‘डोंगर’. पश्चिम घाट हा शब्द तो ग्रामसभेत, गाव संवेदनशील क्षेत्रात येणार म्हणून नोटीस आली की ऐकतो. इथेही घाट म्हटलं की अडवणारा आलाच.

इंग्रज हा शब्द घेऊन आणखी कुठे गेले ते पाहिलं तर चक्रावायला होतं. वेस्ट इंडीजमधल्या मॉन्टसेराट बेटावर डोंगरातून समुद्राकडे उतरणाऱ्या ओढ्याच्या घळीला ‘घॉट’ असं लिहितात आणि ‘गट’ असं म्हणतात. तिथला ‘रनअवे घॉट’ हा झरा प्रसिद्ध आहे. यॉर्कशरमधल्या व्हिट्बी बंदरात पाण्याकडे उतरणाऱ्या एका बोळाचं नाव ‘टिन घॉट’ होतं. या सगळ्यांचा आपल्या घाटाशी रक्ताचा संबंध आहे की नुसता स्पेलिंगचा, यावर मतं वेगळी आहेत. उतार मात्र सगळीकडे आहे.

घाटावरून घाटी झाला आणि तिथे शब्दाला कडवट चव आली. मुंबईत आणि गोव्यात ‘घाटी’ ही शिवी म्हणून वापरली गेली, पोटासाठी घाट उतरून आलेल्या हमालांसाठी, गिरणी कामगारांसाठी, घरगड्यांसाठी. आता काही जण तोच शब्द मिरवतात, टीशर्टवर छापतात. छत्रपती संभाजीनगरात मात्र ‘घाटीत नेलंय’ म्हणजे सरकारी दवाखान्यात भरती केलंय. तिथे त्या शब्दात अपमान नाही, काळजी आहे. आणि हिंदीत घाटी म्हणजे दरी. २०२० मध्ये हिंदी वाहिन्या ‘गलवान घाटी’ म्हणत होत्या तेव्हा मराठी पत्रांना ‘गलवान खोरं’ लिहावं लागलं. ज्या शब्दाने आपण चढ दाखवतो त्याने हिंदीवाले खोलगट भाग दाखवतात. बोलणारा वर उभा आहे की खाली, हा इथेही प्रश्न.

उरलेले अर्थ मराठीचे घरचे आहेत आणि त्यांचा मूळ शब्दही वेगळा, घडण्याशी नातं सांगणारा. घाटदार तांब्या, घाटदार बांधा. समीक्षकांनी तो उचलून कथेचा घाट, कादंबरीचा घाट म्हणायला सुरुवात केली आणि मराठीला आकृतीसाठी एक फार देखणा शब्द मिळाला. ‘घाट घालणे’ मात्र समीक्षकांपर्यंत पोचलं नाही, ते स्वयंपाकघरातच राहिलं. ‘आता हा कसला घाट घातलायस?’ या वाक्यात करणाऱ्याचा उत्साह आणि बोलणाऱ्याचा वैताग दोन्ही भरलेले असतात. हरभऱ्याचे घाटे आणि ते पोखरणारी घाटेअळी, हिंदीतला तोट्याचा घाटा, हे नुसते नावबंधू.

वाक्प्रचारांत हिंदी पुढे आहे. आपण ज्याला बारा गावचं पाणी प्यायलेला म्हणतो, तो तिकडे ‘घाट-घाट का पानी’ प्यायलेला असतो. ‘मौत के घाट उतारना’ म्हणजे ठार मारणं. त्यात मला पुन्हा नावाडी दिसतो, मारणारा माणसाला नेऊन त्या पायरीवर उतरवतो जिथून परतीची नाव नाही. बनारसच्या आसपास कुणी गेलं की दहाव्या दिवसाच्या क्षौर-स्नानाला नुसतं ‘घाट’ म्हणतात. ‘आज उनके यहाँ घाट है’ एवढ्यावर कळतं. मराठीत आपण ‘दहावा आहे’ म्हणतो. तिथे दिवसाऐवजी जागा सांगतात.

आणि छठ. कार्तिकातल्या षष्ठीला पूर्वांचलातली बाई मावळत्या सूर्याला आणि दुसऱ्या पहाटे उगवत्याला अर्घ्य देते. त्यासाठी तळं, कालवा, नदी, जिथे पाणी असेल तिथे घाट करतात. पायऱ्या नसल्या तरी चालतं. चिखलाची छोटी वेदी थापायची, चुन्याने चौकोन आखायचा, त्यावर घरातल्या कर्त्याचं नाव लिहायचं. याला ‘घाट छेकना’ म्हणतात, म्हणजे घाट अडवून ठेवणं. मुंबईत जुहूच्या वाळूवरही हे दिसतं. वाळू ओढून चौकोन केलेले, मधोमध ऊस रोवलेले, शेजाऱ्याच्या चौकोनात पाय पडला म्हणून होणारी बाचाबाची. इथे घाटिया नाही आणि कर घेणाराही नाही. जागा मिळते ती आदल्या दिवशी येऊन धरणाऱ्याला. दिवसाची रोजंदारी बुडवून कुणाला तरी ती राखत तिथे बसावं लागतं.